शेरा क्रमांक एक्केचाळीस

अक्षता परबच्या पेन्सिलीला लेखक वचकून असत. भांडुपला राहणारी, मुलुंडच्या एका छोट्या प्रकाशनात सव्वीस वर्षं पुस्तकांचं संपादन करणारी ही बाई बोलायला मऊ, पण पेन्सिल हातात आली की कुणाची भीडभाड ठेवायची नाही. ‘हे आधी येऊन गेलंय.’ ‘नायक तीन दिवस जेवलेला नाही, लक्षात आहे ना?’ ‘या पानावर काहीच घडत नाही, आणि ते सुंदरही नाही.’ असले शेरे ती समासात बारीक अक्षरात लिहायची. ते वाचून एका कवीनं संग्रह परत मागून घेतला होता, आणि एका प्राध्यापकांनी तिच्या मालकाला चार पानी पत्र लिहिलं होतं. त्या पत्रातल्याही दोन चुका तिनं पेन्सिलीनं दुरुस्त करून ठेवल्या होत्या.

तिचे शेरे दोन जातींचे असत. एक लेखकासाठी. दुसरे तिचे स्वतःचे. वाचता वाचता मनात जे येईल ते तिथल्या तिथे लिहून टाकलं नाही तर तिला पुढे वाचता यायचं नाही. ‘हा माणूस आमच्या मामासारखा खोटारडा.’ ‘कंटाळा आला, चहा.’ ‘आईचं करमलाचं लोणचं.’ बाड परत पाठवण्याआधी ती हे दुसऱ्या जातीचे शेरे खोडरबरानं एकूण एक पुसायची. सव्वीस वर्षांत एकही राहिला नव्हता. एकदा मात्र राहिला.

तो ज्यांच्या हाती पडला ते हरेश्वर भानजी वेसाव्याच्या कोळीवाड्यातले. चौतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिक्षक, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक. घरात तीन पिढ्या होड्या, आणि यांना समुद्रावर उलट्या होतात म्हणून शाळेत घातलेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक कादंबरी लिहिली, फुलस्केप कागदांवर, शाळेच्या दाखल्यावर लिहावी तशा अक्षरात. नाव ‘भांगाचं पाणी’. भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची अर्धवट भरती, जिच्यात मासळी फारशी लागत नाही. अक्षताला बाड आवडलं. कच्चं होतं, मध्ये मध्ये भाषण होतं, पण माणूस पाहिलेलं लिहीत होता. असं बाड दहा वर्षांत एखादं येतं. घरी जेवताना तिनं वडलांनाही सांगितलं, “वेसाव्याच्या एका मास्तरांनी लिहिलंय, बाबा. तुम्हाला आवडेल.”

हरेश्वर मास्तरांची एक खोड मात्र तिला ठाऊक नव्हती. शाळेत तपासणीला साहेब येतात, शेरेबुकात शेरे लिहून जातात, आणि महिन्याभरात त्या शेऱ्यांची पूर्तता करून वर अहवाल धाडायचा असतो. साहेब बरोबर की चूक, हा प्रश्न मुख्याध्यापकाचा नव्हे. एकदा एका साहेबांनी जाता जाता ‘मुलांचे दात पाहावेत’ असं लिहिलं, तर भानजी मास्तरांनी दुसऱ्या दिवशी चारशे मुलांचे दात स्वतः पाहिले होते. अशा माणसाच्या समासात काहीही लिहिताना जपायला हवं होतं.

कादंबरीतला तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, होडी विकून यारी रोडवरच्या एका इमारतीत वॉचमन होतो. घरी सांगतो की बर्फाच्या कारखान्यात मुकादम आहे. नवव्या प्रकरणात त्याची मुलगी कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर नेमकी त्याच इमारतीत येते. मूळ बाडात ती धावत जाऊन बापाच्या गळ्यात पडत होती. बाप रडत होता, मैत्रिणी रडत होत्या, सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा रुमाल काढत होता. असं तीन पानं चाललं होतं.

अक्षता हे भांडुपच्या घरी, एका गुरुवारी दुपारी वाचत होती. आतल्या खोलीत तिचे वडील राजाराम परब झोपले होते. तिनं पेन्सिल उचलली आणि समासात लिहिलं : ‘असं होत नाही. मला पाहून बाबा उठून उभे राहिले, दुसऱ्या कुणाच्या मुलीला पाहून उठावं तसे. मी मैत्रिणींबरोबर पुढे गेले. घरी कुणीच काही बोललं नाही.’

हे खरं होतं. राजाराम परब देवगडकडचे. लालबागच्या गिरणीत बारा वर्षं काढली. संप झाला, गिरणी गेली, मग सहा वर्षं मिळेल ते केलं. अठ्ठ्याऐंशी साली त्यांनी घरी सांगितलं की मुलुंडला एका कंपनीत स्टोअरकीपरची नोकरी लागली. अक्षता तेव्हा अकरावीत, मुलुंडच्या कॉलेजात. एका मैत्रिणीच्या घरी चार जणी गेल्या, तर त्या इमारतीच्या गेटवर खाकी कपड्यांत बाबा. तिनं ओळख दाखवली नाही. वर जाऊन तिनं पोहे खाल्ले, कॅसेट ऐकल्या, आणि उतरताना मागच्या जिन्यानं उतरता येतं का असं विचारलं. ही गोष्ट तिनं आईला सांगितली नाही, पुढे नवऱ्याला सांगितली नाही, नवरा राहिला नाही तेव्हा मैत्रिणींनाही सांगितली नाही. सदतीस वर्षांत पहिल्यांदा सांगितली ती एका बाडाच्या समासाला.

पुसायची होतीच. पण त्याच दुपारी राजाराम न्हाणीघरात घसरले. अक्षता त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. पाय मुरगळला होता, बाकी काही नाही. संध्याकाळी प्रकाशनाचा तरुण मालक प्रज्योत विचारपूस करायला घरी आला, टेबलावर भानजींचं बाड पाहिलं, आणि ताईंचं एक काम हलकं करावं म्हणून जाताना उचलून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी कुरिअर वेसाव्याला पोचलं. अक्षताला आठवण झाली ती तिसऱ्या दिवशी.

फोन करावा का? ‘अमुक शेरा वाचू नका’ असं सांगितलं की माणूस आधी तोच वाचणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून ती गप्प राहिली. कुणाही सुज्ञ माणसाला कळेल की हा मजकूर खासगी आहे, अशी तिनं मनाची समजूत घातली. पण समोर सुज्ञ माणूस नव्हता, मुख्याध्यापक होता.

महिन्यानं सुधारलेलं बाड आलं. सोबत रेघा मारलेला एक तक्ता, तीन रकान्यांचा : शेरा क्रमांक, पान, पूर्तता. क्रमांक सातपुढे लिहिलं होतं, ‘नायकास जेवण दिले.’ क्रमांक एकोणतीसपुढे, ‘भाषण काढले.’ आणि क्रमांक एक्केचाळीसपुढे, ‘आदेशानुसार प्रसंग बदलला. “मला”च्या जागी “तिला” केले. रडणे रद्द.’

अक्षतानं नववं प्रकरण उघडलं. गळ्यात पडणं गेलं होतं, सेक्रेटरीचा रुमाल गेला होता. तीन पानांच्या जागी पाऊण पान उरलं होतं, आणि त्यात : ‘तिला पाहून बाप उठून उभा राहिला, दुसऱ्या कुणाच्या मुलीला पाहून उठावं तसा. ती मैत्रिणींबरोबर पुढे गेली.’

तिनं ते चारदा वाचलं. प्रकरण आता उभं राहिलं होतं. नुसतं प्रकरण नव्हे, सगळी कादंबरीच त्या वाक्यावर येऊन टेकली होती. खोडायला दोन सेकंद पुरले असते. तिनं पेन्सिल टेकवली, उचलली, परत टेकवली. लोकांची वाक्यं घासूनपुसून देण्यात सव्वीस वर्षं गेली होती, आणि त्या सगळ्या पुस्तकांत तिचं स्वतःचं म्हणावं असं एकही वाक्य नव्हतं. हे होतं. तिला त्याचा मोह पडला, याला दुसरा शब्द नाही. तिनं पान उलटलं आणि पुढच्या पानावरचा एक अनुस्वार दुरुस्त केला.

मास्तरांनी आज्ञा पाळली होती. डोळे उघडे ठेवून केलं ते अक्षतानं.

आता घरातली एक रीत सांगायला हवी. अक्षतानं संपादन केलेलं प्रत्येक पुस्तक छापून आलं की पहिली प्रत राजारामांची. गिरणीच्या वाचनालयातून लागलेली सवय. दुपारी खिडकीशी बसून भिंगानं रोज चार पानं, कमी नाही की जास्त नाही. पुस्तक संपलं की निकाल. ‘बरां आसा’, किंवा ‘ह्येका काय कामधंदो नाय’. तिसरा निकाल नसे. त्र्याऐंशीव्या वर्षी माणसाला दिवसाचं काहीतरी काम लागतं, आणि त्यांचं हे होतं.

‘भांगाचं पाणी’ छापून आलं तेव्हा अक्षतानं पहिली प्रत ऑफिसच्या कपाटात ठेवली आणि घरी सांगितलं, छापखान्यात अडकलंय.

पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. दीड महिन्यानं रविवारच्या पुरवणीत पुस्तकावर अर्धं पान आलं, आणि मधोमध चौकटीत, मोठ्या टायपात, तेच वाक्य. अक्षतानं राजाराम उठायच्या आत पुरवणीत साड्या गुंडाळून इस्त्रीला टाकल्या. मग ते वाक्य मोबाइलवर फिरू लागलं, मागे सूर्यास्ताचं चित्र लावून, खाली हरेश्वर भानजी हे नाव. बोरिवलीच्या एका बाईंनी प्रकाशनाला पत्र पाठवलं की त्या वाक्यावर त्या अडून बसल्या आहेत, पुस्तक पुढे वाचवत नाही. प्रज्योत खूश होता. “ताई, एक वाक्य यार, आणि पुस्तक सुटलंय नुसतं. म्हातारा भारी निघाला ना.”

अक्षता म्हणाली, “हो, भारी आहेत.”

राजाराम मधून मधून विचारायचे, “त्या वेसावकाराचां पुस्तक अजून अडाकलेलाच?” ती म्हणायची, “हो, बाबा.” पाचव्या महिन्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं. त्यानं तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

सातव्या महिन्यात पुस्तकाला बोरिवलीच्या एका संस्थेचा पुरस्कार जाहीर झाला आणि त्याच दुपारी हरेश्वर मास्तरांचा फोन आला.

“मॅडम, मी भाषणात सांगणार आहे.”

“काय सांगणार, सर?”

“ते वाक्य माझं नाही, तुमचं आहे, हे. तुम्ही पहिल्या रांगेत बसा. मी तुम्हाला उभं करीन.”

अक्षता दुसऱ्याच दिवशी घाटकोपरहून मेट्रो धरून वेसाव्याला गेली. मास्तरांचं घर गल्लीत, पहिल्या मजल्यावर. त्यांच्या पत्नी दर्शनाबाईंनी चहा आणि तळलेले जवळे पुढे ठेवले आणि, मास्तरांची शिकवणी सुरू आहे अशा समजुतीनं, दार लोटून घेऊन बाहेर बसल्या.

“परवा घाटकोपरच्या कॉलेजात बोलावलं होतं,” मास्तर म्हणाले. “एका मुलीनं उभं राहून विचारलं, सर, हे तुम्हाला कसं सुचलं? मी म्हटलं, सुचलं. चौतीस वर्षं पोरांना कॉपी करू नका म्हणून छड्या मारल्या, मॅडम. त्या पोरीच्या तोंडाकडे मला बघवेना.”

“सर, संपादकाची वाक्यं पुस्तकात जातात. कुणी सांगत नाही. अशीच पद्धत आहे.”

“पद्धत असेल. पण ही काय दुरुस्ती नव्हती. ‘मला पाहून बाबा’ असं लिहिलं होतं तुम्ही. मी आदेश समजून घेतलं, ती माझी चूक. लोकांनी विचारायला लागल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. पण तुम्ही तर नंतर बघितलंत ना? मग खोडलं का नाही?”

अक्षतानं कपातला चहा संपवला. “चांगलं होतं म्हणून.”

“मग सांगायला हरकत काय?”

“बाबा आहेत अजून,” ती म्हणाली. आणि मग तिनं सगळं सांगितलं : मुलुंडचं गेट, पोहे, मागचा जिना. मास्तर शाळेत पाढे म्हणून घेताना बसत असतील तसे ताठ बसून ऐकत होते.

“म्हणजे त्यांना ठाऊक नाही, की तुम्ही त्यांना बघितलं होतं?”

“तेच मला ठाऊक नाही, सर. त्यांनी मला ओळखलं की नाही, मी ओळखून पुढे गेले हे त्यांना कळलं की नाही, काहीच नाही. आम्ही बोललोच नाही कधी. तुम्ही स्टेजवर सांगितलंत की पेपरात येणार. आणि ते पेपर वाचतात.”

“पण पुस्तक वाचलं असेल ना त्यांनी? तुम्हीच म्हणाला होतात, ते सगळी वाचतात.”

“हे नाही वाचलं. मी दिलं नाही. छापखान्यात अडकलंय म्हणून सांगितलं.”

“सात महिने?”

“सात महिने.”

अक्षताला वाटलं होतं की मास्तर चोरीचा विषय काढतील, मानापमानाचा काढतील. त्यांना लागलं होतं ते भलतंच.

“माझं पुस्तक तुम्ही घरातच नेलं नाही,” ते म्हणाले. “एकशे शहाण्णव पानं आहेत त्यात, मॅडम. एक वाक्य तुमचं. बाकीचं माझं आहे. गिरणीत घाम गाळलेला माणूस, रोज चार पानं वाचणारा. मी हे लिहिलं कुणासाठी? त्या पुरवणीवाल्यासाठी?”

तिला खरोखर लाज वाटली. सव्वीस वर्षं लेखकांना शिकवत आली होती की वाचकाला कमी लेखू नका.

मास्तरांनी उठून कपाटातून एक प्रत काढली, टेबलाशी बसले आणि पहिल्या पानावर वळणदार अक्षरात लिहिलं : ‘श्री. राजाराम परब यांस, अभिप्रायार्थ.’ खाली सही, तारीख.

“मी भाषणात एक शब्द बोलणार नाही,” ते म्हणाले. “चोर म्हणवून घ्यायला मी तयार आहे. वाचक घालवायला तयार नाही. हे तुम्ही त्यांच्या हातात द्यायचं.”

“सर, ते एकशे बाराव्या पानावर आले की...”

“आले की येतील. अभिप्राय दिला तर मला कळवा.”

परतीच्या मेट्रोत पुस्तक सीटवर विसरावं असं अक्षताच्या दोनदा मनात आलं. साकीनाक्याला तर तिनं ते बाजूला ठेवूनही पाहिलं. शेजारची मुलगी म्हणाली, “आंटी, तुमचं बुक,” आणि तिनं ते परत पर्समध्ये टाकलं.

राजारामांनी पुस्तक हातात घेतलं, पहिलं पान वाचलं, ‘अभिप्रायार्थ’ या शब्दावरून भिंग दोनदा फिरवलं. आयुष्यात त्यांचा अभिप्राय कुणी मागितला नव्हता. “सुटलां म्हणायचां छापखान्यातसून,” एवढंच म्हणाले आणि खिडकीशी जाऊन बसले.

रोज चार पानं म्हणजे एकशे बारावं पान अठ्ठाविसाव्या दिवशी. अक्षतानं हिशेब केला नसता तर बरं झालं असतं. पहिल्या आठवड्यात ती ऑफिसातून आल्याबरोबर खूण कुठे आहे ते पाही. खूण म्हणून ते जुनं वीजबिल घालायचे. दुसऱ्या आठवड्यात तिनं पाहणं सोडलं, तिसऱ्यात परत सुरू केलं. मनात कितीदा तरी वाक्यं रचली : ‘बाबा, मी तेव्हा सोळा वर्षांची होते.’ ‘बाबा, ते लेखकाचं आहे, माझं नाही.’ एकही धड जमेना. लोकांची वाक्यं नीट करणं सोपं असतं.

अठ्ठाविसावा दिवस बुधवार होता. तिनं रजा टाकली. सकाळी भाजी निवडली, वडलांना पेज दिली, आणि दुपारी ते भिंग पुसायला लागल्यावर तिला घरात थांबवेना. काहीतरी कारण काढून ती मुलुंडला ऑफिसात जाऊन बसली. सात वाजता परतली तेव्हा वीजबिल एकशे तेराव्या पानाशी होतं. राजाराम दूरदर्शनच्या बातम्या बघत होते.

“बांगडे मेळाक नाय?” त्यांनी विचारलं.

“नाही. सुरमई महाग होती. बोंबील आणलेत.”

“बोंबील बरे.”

झालं, एवढंच. गुरुवारी त्यांनी पुढची चार पानं वाचली, शुक्रवारी त्यापुढची चार. मधल्या रविवारी बोरिवलीला पुरस्काराचा समारंभ झाला. हरेश्वर मास्तर छापील भाषण वाचल्यासारखे बोलले, संपादकांचे आभार एका वाक्यात मानले आणि शब्दाला जागले. टाळ्या पडल्या. अक्षता पहिल्या रांगेत नव्हती.

आणखी तीन आठवडे गेले. एका दुपारी, अक्षता घरीच, समोर दुसरं कुणाचं बाड घेऊन बसलेली, राजारामांनी पुस्तक मिटलं.

“बरां आसा,” ते म्हणाले. “माणूस शाणो आसा. दर्यार जाणां कसां, तां तेका बरोबर कळलां.” मग पहिलं पान परत उघडून, “अभिप्राय मागितल्यान हा तेणी. लिवन धाडूक होयो काय?”

“तोंडी सांगा, बाबा. मी कळवते.”

“एक चूक आसा. पान एकशे बारा.”

अक्षतानं पेन्सिल हातातच धरून ठेवली. “काय चूक?”

“वॉचमन उठून उभो रवलो म्हणून लिवल्यान हा. तो उठतलो खंयसून? थंय बसाक खुर्चीच नाय होती. बारा तास उभ्यान.” राजारामांनी भिंग कापडात गुंडाळलं. “तू इलंस तेवा मी उभोच होतंय.”

अक्षताला ते गेट डोळ्यांसमोर जसंच्या तसं होतं, असं तिला वाटायचं. करडा दिंडी दरवाजा, भिंतीवरचा पाण्याचा नळ, गुडघ्यांवर हात टेकून उठणारे बाबा. तिनं खुर्ची शोधली. ती लाकडी होती की लोखंडी, तिला सांगता येईना. सदतीस वर्षं ती त्यांना कशावरून उठवत होती कोण जाणे.

“तुम्ही मला ओळखलं होतं?”

“माजा चेडू मी वळखूचंय नाय?”

“मग बोलला का नाही? घरी आल्यावर तरी?”

“तू खंय बोललंस?” राजाराम म्हणाले. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. “म्हटलां, तुका सांगूचा आसात तेवा सांगशीत. आता सांगलंस.”

अक्षताला रडू आलं, आणि तिनं ते आवरलं नाही. राजाराम खिडकीबाहेर बघत बसून राहिले, तिचं होईपर्यंत. मग त्यांनी चहा मागितला.

दोन महिन्यांनी दुसऱ्या आवृत्तीची वेळ आली. “ताई, काही करेक्शन असेल तर आजच सांग,” प्रज्योत म्हणाला. “उद्या फाइल जाते.”

अक्षतानं घरूनच मास्तरांना फोन लावला. “सर, एक दुरुस्ती आहे. पान एकशे बारा. बाबांचा अभिप्राय आहे.” तिनं त्यांना सगळं सांगितलं, उभ्यानं काढलेले बारा तासही सांगितले. “तेव्हा ‘उठून’ काढावं लागेल. ‘तिला पाहून बाप उभा होता तो आणखी ताठ झाला’ असं काहीतरी. मी करून देते.”

पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. मास्तर लिहून घेत होते. मग तो आवाज थांबला.

“नाही, मॅडम.”

“सर, वस्तुस्थिती आहे ती. ते स्वतः सांगतायत.”

“त्यांना माझा नमस्कार सांगा. वस्तुस्थिती त्यांची, ती बरोबरच असणार. पण एकशे अकरावं पान काढा. तुमचा शेरा वाचला तेव्हा मलाही प्रश्न पडला होता, हा माणूस उठला म्हणजे आधी कशावर बसला होता? म्हणून मी आधीच्या पानावर त्याला एक खुर्ची दिली. लोखंडी, निळ्या पट्ट्यांची. तुम्ही तिथे काहीच खूण केली नव्हती.”

अक्षतानं पान काढलं. खुर्ची होती. एका ओळीत, कुणाच्या नजरेत भरू नये अशी, गेटच्या आतल्या अंगाला, सावलीत.

“वाक्य तुमचं, बापही तुमचाच असेल,” मास्तर म्हणाले. “पण दिवसभर काम करणाऱ्या माणसाला बसायला मी दिलंय. ते मी आता काढून घेणार नाही. कुणीही शेरा लिहिला तरी.”

तिनं बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

खिडकीशी राजारामांनी भिंगावरून मान वर केली. “काय म्हटल्यान?”

अक्षतानं सांगितलं. मग त्यांनी आपले दोन्ही पाय समोरच्या स्टुलावर उचलून ठेवले, एकेक करून.

“ऱ्हवांदे तर,” ते म्हणाले. “बसांदे तेका.”